आजोबा कधी वारले? वारसा, वाटणी आणि मृत्युपत्राच्या वादात पहिल्यांदा पडणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी वीसेक वर्षं वाटणीचे दावे चालवते. माझ्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा तिरमिरीत येतो. पिशवीतून घडी पडलेला सातबारा काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "मॅडम, थोरल्यानं सगळं नावावर करून घेतलं. आजच दावा टाका." मी त्याला पाणी देते आणि विचारते, "आजोबा कधी वारले?"

हा प्रश्न त्याला बिनकामाचा वाटतो, पण निम्मा निकाल याच उत्तरात असतो. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. आजोबा त्याआधी वारले की नंतर, यावर जमीन वडिलांकडे वडिलोपार्जित म्हणून आली की त्यांची स्वतंत्र म्हणून, हे ठरतं. १९५६ नंतर बापाकडून वारशाने आलेली जमीन ही मुलाची स्वतःची मिळकत धरली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात सांगितलं. "बापाची म्हणजे वडिलोपार्जितच" हे पारावरचं गणित म्हणूनच अनेकदा चुकतं.

तेव्हा घाई करू नका. खाली जो क्रम दिला आहे, त्या क्रमानेच जा.

आधी माणसं मोजा

कोरा कागद घ्या आणि सगळ्यात वर पणजोबांचं नाव लिहा. त्याखाली त्यांची सगळी मुलं-मुली, त्यांच्याखाली त्यांची. वारलेल्यांची नावं वगळू नका, नावापुढे मृत्यूचं साल लिहा. लहानपणीच गेलेलं मूलही लिहा आणि तशी नोंद करा. लेकींची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं लिहा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं, आणि फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याच्या वेळी "या बाई वेगळ्याच आहेत" असा आक्षेप येतो. शाळेचा निर्गम उतारा किंवा माहेर-सासरच्या नावांचं प्रतिज्ञापत्र आधीच काढून ठेवा.

दुसरी बायको असेल तर तेही लपवू नका. पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने टिकत नाही आणि ती बाई वारस होत नाही. तिच्या मुलांना मात्र बापाच्या वाट्यात हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. वंशावळीत त्यांना गाळून दावा टाकणारा पुढे स्वतःच अडचणीत येतो.

मृत्यू दाखला ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते, वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मयताच्या दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत ही नोंद राहून जाते, म्हणून घरातल्या एकाने ते काम अंगावर घ्यावं.

मग कागद गोळा करा

पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला जे सोसावं लागत नाही, ते इथे आपल्याला सोसावं लागतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे जुनं दप्तर उर्दूत आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि त्या काळातली पहाणी पत्रकं मिळतात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ही नावं घरोघरी पोचली, पण वाटणीच्या दाव्यात ती त्याआधीपासून कामी येत आहेत. जमीन पणजोबांच्या नावावर होती की चुलत्याने स्वतः घेतली, याचं उत्तर खासऱ्यात सापडतं. उर्दू उतारा आला की तो जाणकाराकडून वाचून घ्या आणि मराठी भाषांतर सोबत जोडा. अंदाजाने नावं लावू नका.

तिथून आजपर्यंतची साखळी जुळवायची असते. जुन्या सर्व्हे नंबरांचे एकत्रीकरणात, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडताना, गट नंबर झाले. त्या वेळी कुठे क्षेत्र कमी-जास्त झालं, कुठे एका भावाचा तुकडा दुसऱ्याच्या गटात गेला. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा आणि गट नकाशा काढा. प्रत्येक फेरफाराची नक्कल घ्या. सातबाऱ्यावर डाव्या बाजूला गोलात फेरफारांचे जे नंबर असतात, तो एकेक नंबर म्हणजे एकेक घटना. आजचा डिजिटल सही असलेला सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. तो घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. गावचा आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), घराचा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा उतारा), बँकेचा बोजा, विहिरीची नोंद, वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे, हे सगळं पाहा.

उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विकायला बंधन असलेली जमीन), इनाम, देवस्थान, मदतमाश, खिदमतमाश (ही निजामकाळातली इनामंच), किंवा कुळाच्या रकान्यात काही दिसलं तर तिथेच थांबा. हैदराबाद कूळ कायदा १९५० मधल्या, कुळाला मालक करणाऱ्या ३८-ई च्या प्रमाणपत्राने आलेली जमीन विकताना परवानगीचा प्रश्न येतो. देवाच्या सेवेसाठी दिलेली जमीन तर घरच्या शेतासारखी वाटून घेताच येत नाही. अशा जमिनीवर नेहमीच्या पद्धतीने वाटणी करून घर बांधलं आणि पुढे सगळं कोसळलं, अशी कुटुंबं मी पाहिली आहेत.

आणि कळकळीची विनंती, मूळ खरेदीखताला लॅमिनेशन करू नका. गेल्या वर्षी एक मावशी अंबाजोगाईकडून आल्या. चाळीस वर्षांपूर्वीचा कागद त्यांनी जपायचा म्हणून प्लॅस्टिकमध्ये गरम करून घेतला होता. अंगठ्याची शाई आणि शिक्का दोन्ही पसरून एक झाले होते. तज्ज्ञाला तपासायला त्यावर काही उरलं नव्हतं. कागद कापडात गुंडाळून डब्यात ठेवा आणि रजिस्ट्री ऑफिसातून प्रमाणित प्रत काढून आणा. लॅमिनेशन करायचंच असेल तर झेरॉक्सला करा.

कोणाचा किती वाटा

१२ एकर जमीन, वडील वारले, मागे आई, दोन मुलगे, दोन मुली, आजी हयात नाही, असं एक घर धरू. जमीन वडिलांची स्वतःची असेल तर पाच वारस, प्रत्येकी पाचवा हिस्सा, म्हणजे २ एकर १६ गुंठे. वडिलोपार्जित असेल तर आधी कागदावर वाटणी झाली असं मानायचं. वडील, आई आणि चार लेकरं मिळून सहा हिस्से पडतात. मग वडिलांचा सहावा हिस्सा पाच वारसांत वाटायचा. प्रत्येकाच्या वाट्याला पुन्हा पाचवा हिस्साच येतो. आजी हयात असेल तर मात्र हिशेब बदलतो, कारण वारलेल्याची आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे. स्वकष्टाच्या जमिनीत तिलाही बरोबरीचा, म्हणजे इथे २ एकर हिस्सा मिळतो. कोपऱ्यात बसलेल्या आजीला फेरफारात विसरणं ही आपल्याकडची फार जुनी चूक आहे.

मुलींबद्दल अजूनही गावोगाव चुकीचं सांगितलं जातं. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार झाली. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवे होते का, हा घोळ ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने संपवला: तशी गरज नाही. लग्न झालंय की नाही, यानेही फरक पडत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही. "लग्नात पाच तोळं घातलं, तोच तिचा हिस्सा" हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

मुस्लिम कुटुंबात हे काहीच लागू होत नाही. तिथे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, लेकरं असतील तर बायकोचा आठवा, नसतील तर चौथा. मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त द्यायचं झालं तर वारसांची संमती लागते. असा पक्षकार आला की मी त्या कायद्यात मुरलेल्या वकिलाला सोबत घेते.

बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा मालक नसतो. त्याने पैसे उचलले तरी वारसांचा हक्क शाबूत राहतो. ठेवी, शेअर्स यासाठी भांडण असेल तर दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावं लागतं. शेतीसाठी त्याचा उपयोग नाही.

वारस नोंद: तीन महिन्यांत अर्ज

माणूस वारल्यापासून तीन महिन्यांत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, वारस नोंदीसाठी अर्ज द्यायचा. मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, सगळ्यांचे ओळखपुरावे जोडायचे. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज जातो. वारसांची नावं आधी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, मग फेरफारात येतात. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. २०२५ मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीम काढली ती याचसाठी. मयतांची नावं उताऱ्यावर वर्षानुवर्षं तशीच होती.

इथे तीन अक्षरांवर नजर ठेवा: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या काळी बाप वारला की थोरल्याचं एकट्याचं नाव लावून पुढे ही अक्षरं लिहीत. पुढे संगणकावर उतरवताना कधी ती गळाली आणि थोरला एकटाच मालक दिसू लागला. तुमच्या उताऱ्यावर थोरले काका एकटेच दिसत असतील तर मूळ हस्तलिखित फेरफार काढून पाहा. तिथे ए.कु.मॅ. सापडलं तर तुमची बाजू एका दिवसात भक्कम होते.

फेरफार चुकीचा झाला असेल तर आदेशाविरुद्ध ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो. पण एक गोष्ट मनात पक्की धरा. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. ती नोंद शेतसारा कोणाकडून घ्यायचा यासाठी आहे. मालकीचा निकाल दिवाणी कोर्टच देतं. तहसीलच्या पायऱ्या दहा वर्षं झिजवून मग कोर्टात आलेली माणसं पाहिली की मला वाईट वाटतं, कारण मुदती तोवर निघून गेलेल्या असतात.

बहिणीची सही

रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर मी एकदा पाहिलं. साठीच्या एक बाई रिक्षातून उतरल्या, हातात भावासाठी आणलेला डबा. भावाने त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. अंगठा लागेना, म्हणून ऑपरेटरने ओल्या फडक्याने त्यांचं बोट पुसलं, पुन्हा दाबलं. निंदणी-खुरपणीत झिजलेलं बोट, रेषा उमटतच नव्हत्या. चौथ्या वेळी मशीन वाजलं. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "मला काही नको बाई, पण माहेर तुटू नये." ५ एकर काळी जमीन त्यांनी सोडली होती आणि कागदात काय लिहिलंय हे त्यांना कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

बहिणीने खुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण हक्कसोडपत्र हे नोंदणीकृतच लागतं. नोटरीसमोर बाँडवर लिहून घेतलेला कागद शेतजमिनीला चालत नाही. कोणत्या गटातला, किती हिस्सा, कोणाच्या हक्कात, हे स्पष्ट लिहावं, आणि सहीच्या आधी तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावं. बहिणींनो, एक सांगते: सही झाल्यावर ती फिरवायची तर फसवणूक झाली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि त्याला कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. राखीच्या दिवशी, भावजय चहा ठेवत असताना सही करू नका. कागद घरी आणा, मुलाला किंवा लेकीला वाचू द्या, मग ठरवा. आणि भावांना माझं सांगणं आहे की बहिणीला तिचा हिस्सा विचारा तरी. तो दिल्याने माहेर तुटतं, हे मी अजून पाहिलेलं नाही.

मृत्युपत्र

लिहिणाऱ्यासाठी नियम फार नाहीत. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांनी करणाऱ्याची सही किंवा अंगठा बघून, त्याच्यासमोर सही करायची. ज्यांना काही मिळणार आहे, ते साक्षीदार नसावेत. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण निवडा, कारण तुमच्या मागे त्यांनाच कोर्टात यायचं आहे. एखाद्या वारसाला वगळत असाल तर का, ते दोन ओळींत लिहा. डॉक्टरचा दाखला जोडा. वडिलोपार्जित जमिनीत फक्त तुमच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं, सगळ्या गटाचं नाही. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, काढण्याची सक्ती मराठवाड्यात नाही.

अचानक उगवलेल्या मृत्युपत्राला आव्हान देणाऱ्याने घाबरू नये. ते खरं आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. नोंदणीकृत असलं तरी ही जबाबदारी सुटत नाही. वडील वारल्यानंतर सात वर्षांनी कागद बाहेर आला, साक्षीदार दोघे थोरल्याचे मेहुणे, तारीख वडील दवाखान्यात असतानाची, आणि सही करणाऱ्या माणसाचा कागदावर अंगठा, अशा गोष्टी कोर्ट संशयाने बघतं. म्हणून दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेतल्या जुन्या सह्या गोळा करा. अशा मृत्युपत्रावर कोणी फेरफार टाकला की लगेच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. वाद असेल तर मृत्युपत्र खरं-खोटं ठरवणं महसूल अधिकाऱ्याचं काम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जितेंद्र सिंग प्रकरणात सांगितलं आहे.

वाटणी: घरात, तहसीलीत, कोर्टात

सगळे राजी असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र करा, किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे संमतीने अर्ज द्या. शेतजमिनीच्या अशा वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला, त्यामुळे खर्चाचं कारण उरलेलं नाही. तुकडा किती लहान करता येईल, हे आधी तहसीलीत विचारून घ्या. २०२३ च्या अधिसूचनेत जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे धरले आहेत.

वाटणी मोडते ती एकराच्या आकड्यावरून नाही, विहीर आणि वाट यावरून. चार एकर काळी आणि चार एकर मुरमाड सारखी नसते. वरच्या अंगाला जमीन मिळालेल्याने खालच्याला बैलगाडीची वाट द्यायची का? विहिरीचं पाणी दिवसाआड की तासांवर? मोटार जळाली तर खर्च कोणाचा? धुऱ्यावरचे आंबे कोणाचे? आखाड्यावरची खोली? हे सगळं वाटणीपत्रात लिहा, पाण्याच्या पाळ्यांचे वारसुद्धा लिहा. वाटेची रुंदी फुटांत लिहा आणि कच्चा नकाशा काढून सगळ्यांच्या सह्या घ्या. माझ्याकडे येणाऱ्या भावाभावांच्या भांडणांत वाट अडवण्याचीच संख्या मोठी आहे. त्यासाठी तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय कायदा १९०६ खाली दाद मागता येते.

मावेजा, म्हणजे भूसंपादनाची भरपाई, आला की शांत घरही पेटतं. जालना, संभाजीनगर जिल्ह्यांत समृद्धी महामार्गाच्या वेळी ते सगळ्यांनी पाहिलं. भूसंपादनाची नोटीस निघाली आणि उताऱ्यावर तुमचं नाव नसेल, तर रक्कम वाटली जाण्याआधी संबंधित अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या. पैसे एकदा भावाच्या खात्यात गेले की परत मिळवणं जमिनीपेक्षा अवघड आहे.

दावा लागलाच तर

नवी असताना मी एक दावा घाईने टाकला. एक आत्या परभणीला दिली होती, पक्षकाराने तिचं नाव सांगितलंच नाही आणि मी वंशावळ नीट तपासली नाही. सहा वर्षांनी समोरच्या वकिलाने तिचं नाव काढलं. दुरुस्ती, नवं समन्स, नवी कैफियत, नवी उलटतपासणी. त्या माझ्या चुकीने एका म्हाताऱ्याची उरलीसुरली वर्षं गेली. म्हणून सांगते, वाटणीच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार हवा आणि प्रत्येक मिळकत हवी, गावातलं पडकं घर आणि विकून टाकलेला गटसुद्धा. ज्याने तो विकत घेतला, तोही पक्षकार हवा.

दाव्यासोबत निशाणी ५ चा अर्ज द्या, म्हणजे निकालापर्यंत जमीन विकायला मनाई मागता येते. समोरचा आधी कोर्टात जाईल अशी भीती असेल तर कॅव्हेट, म्हणजे माझं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं. तुम्हाला एकत्र मिळकतीतून बाहेर काढल्याचं कळल्यापासून बारा वर्षांत दावा यायला हवा. महिलांना मालमत्तेच्या दाव्यात न्यायालयीन शुल्कात माफी आहे, वकिलाला आवर्जून विचारा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या. महिलेला तिथे उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत मिटलं तर भरलेलं शुल्क परत मिळतं आणि तिथल्या निवाड्यावर अपील होत नाही. म्हणून तिथे सही करतानाही वाचूनच करा.

निकाल लागला की नवखे लोक पेढे वाटतात. थांबा. आधी प्राथमिक हुकूमनामा येतो, त्यात फक्त हिस्से ठरतात. शेतसारा लागणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष फोड जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. घर-प्लॉटसाठी कोर्ट कमिशनर येतो, मग अंतिम हुकूमनामा. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो न केल्याने हुकूमनामा वर्षानुवर्षं कपाटात पडलेली घरं आहेत. वरच्या कोर्टात, अगदी औरंगाबाद खंडपीठापर्यंत, अपील गेलं तर स्थगिती आहे की नाही ते तपासा. नुसतं अपील दाखल झाल्याने अंमलबजावणी थांबत नाही.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक येईल तेव्हा सगळ्या भावांना, शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलाला तिथे उभं करा. खुणेचे दगड डोळ्यांसमोर रोवून घ्या, प्रत्येक दगडाजवळ उभं राहून फोटो काढा. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात आली की ती घेऊन तलाठ्याकडे जा, हुकूमनाम्याचा फेरफार टाका, आणि नव्या सातबाऱ्यावर आई असेल तर तिचं नाव, बहिणींची नावं, प्रत्येकाचं क्षेत्र बोट ठेवून वाचा.